जॉर्जियन काळातल्या लेखिका आणि त्यांचे प्रकाशक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेन ऑस्टिनवरचे सिनेमे आणि मालिका पाहून या विषयाकडे वळलेले वाचक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. बायकांना लिहायची बंदी होती का? नाव का लपवायच्या? पैसे मिळायचे का? त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पानावर पौंड-शिलिंगांचे आकडे जरा जास्त दिसतील. ते मुद्दाम आहेत. या लेखिकांबद्दल हळवं बरंच लिहिलं गेलंय, त्यांचे हिशेब मात्र फारसे कुणी उघडत नाही. हिशेबासाठी एवढं ध्यानात ठेवा: २० शिलिंगांचा एक पौंड, २१ शिलिंगांची एक गिनी.

जॉर्जियन काळ म्हणजे नेमका कधीचा?

१७१४ ते १८३०. इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले, म्हणून हे नाव. काही जण चौथ्या विल्यमची १८३७ पर्यंतची वर्षंही त्यात धरतात. 'रिजन्सी' हा याच्याच पोटातला तुकडा, १८११ ते १८२०. तिसऱ्या जॉर्जच्या मानसिक आजारामुळे तेव्हा त्याचा मुलगा कारभार पाहत होता. आपल्या हिशेबाने सांगायचं तर बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं १७१३ मध्ये आणि पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. म्हणजे एक वर्ष सोडलं तर अख्खी पेशवाई या काळात बसते.

त्या काळात लिहिणाऱ्या बायका किती होत्या? ऑस्टिन आणि आणखी दोन-चार?

शेकड्याने होत्या. १८१० च्या दशकात तर नव्या कादंबऱ्यांमध्ये लेखिकांचं पारडं लेखकांपेक्षा जड होतं. आणि नुसत्या कादंबऱ्याच नव्हेत. कॅथरीन मॅकॉली यांनी इंग्लंडचा इतिहास आठ खंडांत लिहिला (१७६३–८३). एलिझाबेथ कार्टर यांनी प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टेटस मूळ ग्रीकमधून इंग्रजीत आणला (१७५८). हॅना काउली आणि एलिझाबेथ इंचबाल्ड यांची नाटकं लंडनच्या मोठ्या रंगमंचांवर चालली. मेरी रॉबिन्सन, जी आधी नटी म्हणून गाजली होती, आयुष्याच्या शेवटी 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्राचं कवितेचं पान सांभाळत होती. ऑस्टिन एकटी उभी दिसते, कारण तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांना आपण फोटोतून कापून टाकलंय.

मग लेखिका नाव का छापत नसत? बंदी होती का?

कायद्याने कसलीही बंदी नव्हती. नाव न देण्याची कारणं अनेक होती आणि ती सगळी बाईपणाशी जोडलेली नव्हती. निनावी कादंबरी ही तेव्हाची सर्वसाधारण रीत. वॉल्टर स्कॉटसारख्या नावाजलेल्या कवीनेही १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' निनावीच काढली होती, कारण कादंबरी हा प्रकारच जरा हलका समजला जाई.

बायकांच्या बाबतीत त्यावर अब्रूचं ओझं चढत असे, हेही खरं. फ्रान्सिस बर्नीचं उदाहरण घ्या. तिचे वडील चार्ल्स बर्नी संगीताचे इतिहासकार होते आणि त्यांची हस्तलिखितं तीच उतरवून देई. आपलं अक्षर छापखान्यात कुणी ओळखेल या भीतीने तिने 'एव्हलिना'ची अख्खी प्रत बदललेल्या अक्षरात लिहून काढली आणि भावाच्या हाती गुपचूप प्रकाशकाकडे धाडली. थॉमस लाउंड्स यांनी त्याचे वीस गिनी दिले. पुस्तक जानेवारी १७७८ मध्ये बाजारात आलं आणि बघता बघता आवृत्तीमागून आवृत्ती निघाली. गंमत म्हणजे कादंबरी लिहिणं वडिलांना पुढे खपलं, पण १७७९ मध्ये तिने 'द विटलिंग्ज' हे विनोदी नाटक लिहिलं, तेव्हा त्यांनी आणि घरच्या एका जुन्या स्नेह्याने ते दाबून टाकायला लावलं. रंगमंच म्हणजे चारचौघांत उभं राहणं. कादंबरी निदान घरात बसून लिहिली जाते.

ऑस्टिनच्या पहिल्या पुस्तकावर 'बाय अ लेडी' एवढंच होतं. दुसऱ्यावर पहिल्या पुस्तकाचं नाव सांगून 'त्याच लेखिकेकडून'. स्वतःच्या पुस्तकावर नाव हयातीत एकदाही छापलं गेलं नाही, पण गुपित फार दिवस टिकलंही नाही. भाऊ हेन्रीला बहिणीचं कौतुक पोटात ठेवता येत नसे.

पुस्तक छापून आणायचे मार्ग कोणते होते?

मुख्यतः चार. कुठला मार्ग निवडला यावर त्या लेखिकेचं पुढचं सगळं ठरत असे.

पहिला, कॉपीराइट सरळ विकून टाकणं. रोख रक्कम हातात, जोखीम प्रकाशकाची आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्यांचा नफाही त्याचाच. नव्या लेखिकेला बहुतेक वेळा हाच मार्ग मिळे, आणि मिळे तोही पाच-दहा-वीस पौंडांत.

दुसरा, प्रकाशनपूर्व नोंदणी. मराठीत कोश आणि मोठे ग्रंथ असेच निघाले आहेत, त्यामुळे आपल्याला हे नवं नाही. आधी वर्गणीदार गोळा करायचे, त्यांची नावं पुस्तकाच्या सुरुवातीला छापायची. कार्टरबाईंना एपिक्टेटसवर या रीतीने सुमारे हजार पौंड मिळाले. बर्नीने 'कॅमिला' (१७९६) असंच काढलं, वर्गणी एक गिनी. त्या यादीत स्टीव्हन्टन गावच्या एका 'मिस जे. ऑस्टिन'चं नाव आहे. वीस वर्षांची ही मुलगी तेव्हा कुणालाच माहीत नव्हती, आणि हयातीत तिचं नाव छापलं गेलं ते दुसऱ्या बाईच्या पुस्तकात गिऱ्हाईक म्हणून. या मार्गातला तोटा असा की ओळखीपाळखीच्या, वजनदार माणसांकडे हात पसरावा लागे. बर्नीला ते जमलं, कारण ती तोवर राणी शार्लटच्या पदरी पाच वर्षं काढून आली होती.

तिसरा, कमिशनवर. छपाई, कागद, जाहिरात यांचा खर्च लेखिकेच्या नावावर; प्रकाशक माल विकतो, साधारण दहा टक्के कापून घेतो. पुस्तक खपलं तर नफा आपला, पडलं तर घाटाही आपलाच. मला विचाराल तर या चारांतला हाच सगळ्यात धीटपणाचा मार्ग, आणि ऑस्टिनने सहसा तोच धरला.

चौथा, नफ्यात अर्धी भागी. हा प्रकार होता, पण त्यात हिशेबाची वही प्रकाशकाकडे असे, म्हणून लेखिका जपून असत.

ऑस्टिनला एकूण किती पैसे मिळाले?

हयातीत सहा-सातशे पौंडांच्या आसपास. पण ही बेरीज कशी झाली ते पाहण्यासारखं आहे.

१७९७ च्या नोव्हेंबरात तिच्या वडिलांनी कॅडेल या प्रकाशकाला पत्र लिहून मुलीच्या कादंबरीबद्दल विचारणा केली. उलट टपाली नकार आला. हस्तलिखित मागवून पाहण्याचीही तसदी त्याने घेतली नाही. १८०३ मध्ये 'सुझन' नावाची कादंबरी बेंजामिन क्रॉस्बी यांनी दहा पौंडांना विकत घेतली, जाहिरातही केली आणि कपाटात टाकून दिली. सहा वर्षं वाट पाहून तिने 'मिसेस ॲश्टन डेनिस' या खोट्या नावाने पत्र लिहिलं, त्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'मॅड', म्हणजे संतापलेली, असा शब्द बनतो. क्रॉस्बीचं उत्तर: दहा पौंड परत करा आणि घेऊन जा, दुसरीकडे छापाल तर कारवाई करू. तेवढे पैसेही तेव्हा सहज काढता येण्यासारखे नव्हते. १८१६ मध्ये हस्तलिखित परत विकत घेतलं, आणि तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरात ते 'नॉर्थँगर ॲबी' म्हणून निघालं.

१८११ मध्ये थॉमस एगर्टन यांनी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' कमिशनवर काढली. तीन भाग, किंमत १५ शिलिंग. तोटा आलाच तर भरून काढायला तिने आपल्या तुटपुंज्या पैशांतून रक्कम बाजूला ठेवली होती. तोटा आला नाही. १४० पौंड नफा झाला. पण तो नफा कळण्याआधीच 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा कॉपीराइट तिने त्याच एगर्टनला ११० पौंडांना विकला. मागितले होते दीडशे. पुस्तक १८१३ मध्ये आलं, त्याच वर्षी दुसरी आवृत्ती, १८१७ मध्ये तिसरी. त्या दोन्ही आवृत्त्यांतला एक शिलिंगही तिला मिळाला नाही. जगभर ज्या पुस्तकावर आजही पोट भरणारे लोक आहेत, तेच एक तिने सरळ विकून टाकलं होतं.

'एमा'च्या वेळी ती जॉन मरी यांच्याकडे गेली. हे कवी बायरनचे प्रकाशक, म्हणजे मोठं घर. त्यांनी 'एमा'सकट तीन पुस्तकांच्या कॉपीराइटला मिळून ४५० पौंड देऊ केले. आधीचा धडा पाठ झालेला. तिने नकार दिला आणि पुन्हा कमिशनचा मार्ग धरला. मरी लबाड आहे पण सभ्य लबाड आहे, असं ती पत्रात लिहिते. 'एमा'च्या दोन हजार प्रती छापल्या. पण तिच्याच आधीच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'ची दुसरी आवृत्ती पडून राहिली, मरींनी तिचा तोटा 'एमा'च्या नफ्यातून वळता केला आणि लेखिकेच्या हाती पहिला हप्ता आला ३८ पौंड १८ शिलिंगांचा. तुलनेसाठी: वडील वारल्यावर आई आणि दोघी बहिणींचं घर वर्षाला सुमारे ४६० पौंडांत चालत होतं, त्यातला बराचसा भाग भावांनी दिलेला.

'एमा' राजपुत्राला अर्पण केली आहे. तो तिला आवडायचा का?

अजिबात नाही. हा म्हणजे रिजन्सीत कारभार पाहणारा तिसऱ्या जॉर्जचा मुलगा. बायकोला वागवण्याच्या त्याच्या तऱ्हेमुळे तिला त्याचा तिटकारा होता. पण त्याचा ग्रंथपाल जेम्स स्टॅनियर क्लार्क याने 'अर्पण करायला हरकत नाही' असं सुचवलं. राजघराण्यातून आलेली सूचना हुकुमासारखीच. या क्लार्कने पुढे कोबर्ग घराण्यावर ऐतिहासिक प्रणयकथा लिहा असाही सल्ला दिला. तिने अतिशय गोड शब्दांत तो झिडकारला.

सगळ्यात जास्त पैसे कुणी मिळवले?

ऑस्टिनने नाही. ॲन रॅडक्लिफ यांना 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'चे (१७९४) ५०० पौंड आणि 'द इटालियन'चे (१७९७) ८०० पौंड मिळाले. भुतांचे वाडे आणि अंधारे जिने तेव्हाही खपत. बर्नीने 'कॅमिला'चा नुसता कॉपीराइट हजार पौंडांना विकला आणि त्या कमाईतून सरे परगण्यात घर बांधलं. त्याला लोक 'कॅमिला कॉटेज' म्हणत. आयर्लंडच्या मारिया एजवर्थ यांनी १८१४ मध्ये 'पॅट्रनेज'साठी २१०० पौंड घेतले. आज 'पॅट्रनेज' कोण वाचतं? त्याच वर्षी 'मॅन्सफिल्ड पार्क' आली होती.

लग्न झालेल्या लेखिकेची कमाई कुणाची?

नवऱ्याची. इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्वच नवऱ्यात विरून जाई. करार, मानधन, कॉपीराइट सगळ्यावर त्याचा हक्क. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. 'लेखिकांच्या मार्गातला सगळ्यात मोठा अडथळा कोणता' असं कुणी विचारलं तर मी समाजाच्या नजरेच्या आधी या कायद्याचं नाव घेईन.

शार्लट स्मिथचं आयुष्य म्हणजे या कायद्याची भरलेली पावती. पंधराव्या वर्षी लग्न, बारा मुलं, नवरा बेंजामिन उधळ्या. १७८३ मध्ये कर्जापायी त्याला किंग्ज बेंचच्या तुरुंगात टाकलं, तेव्हा तीही काही काळ त्याच्याबरोबर तिथे राहिली आणि तिथूनच 'एलिजियाक सॉनेट्स' स्वखर्चाने छापायला दिली (१७८४). कविता गाजल्या. १७८७ मध्ये ती नवऱ्यापासून वेगळी झाली आणि मुलांच्या पोटासाठी जवळजवळ वर्षाला एक कादंबरी असा सपाटा लावला. वेगळी झाली तरी कायद्याने ती त्याची बायकोच होती, आणि तो येऊन तिच्या कमाईवर हक्क सांगू शके. सांगतही असे. सासऱ्याने नातवंडांसाठी पैसे ठेवले होते, पण मृत्युपत्र इतकं गुंतागुंतीचं की तो १७७६ मध्ये वारला आणि दावा मिटला १८१३ मध्ये. शार्लट त्याआधी सात वर्षं गेली होती. एक गोष्ट मात्र विसरू नये: सासऱ्याची दौलत वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरची, गुलामांच्या श्रमाची होती.

या पार्श्वभूमीवर ऑस्टिनचं अविवाहित राहणं नुसतं प्रेमभंगाचं प्रकरण म्हणून पाहू नये. ११० पौंड तिचे स्वतःचे होते.

कॉपीराइट किती वर्षं टिकायचा?

१७१० च्या कायद्याने चौदा वर्षं, लेखक जिवंत असेल तर आणखी चौदा. १८१४ मध्ये तो सलग अठ्ठावीस वर्षं किंवा लेखकाच्या हयातीपर्यंत झाला.

हे सगळं सुखवस्तू घरांतल्या बायकांचंच होतं का?

बहुतांशी, पण सगळं नाही. ब्रिस्टलची ॲन यर्सली घरोघर दूध घालायची. लेखिका हॅना मोर यांनी तिच्या कविता पाहिल्या, हजारावर वर्गणीदार जमवले आणि १७८५ मध्ये संग्रह काढून दिला. इथपर्यंत छान. मग मोरबाईंनी जमलेली रक्कम विश्वस्तनिधीत ठेवली आणि स्वतः विश्वस्त झाल्या. दूधवालीला एवढा पैसा हाताळता येणार नाही असं त्यांचं मत. यर्सलीने आपले पैसे आपल्या हातात मागितले, कडाक्याचं भांडण झालं आणि तिने आपली बाजू छापून जाहीर केली. पुढे तिने ब्रिस्टलजवळ हॉटवेल्सला स्वतःचं वर्गणीचं वाचनालय काढलं. मोरबाईंना कृतघ्नपणा दिसला. मला तरी यर्सलीचं म्हणणं सरळ वाटतं.

फिलिस व्हीटलीची गोष्ट याहून कठीण. पश्चिम आफ्रिकेतून सात-आठ वर्षांची असताना १७६१ मध्ये बॉस्टनला आणून विकलेली मुलगी. नाव ठेवलं ते तिला आणणाऱ्या जहाजाचं. बॉस्टनमध्ये तिच्या कवितांना प्रकाशक मिळाला नाही. १७७३ मध्ये संग्रह निघाला तो लंडनला. आणि त्याच्या सुरुवातीला बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांचं सहीनिशी प्रमाणपत्र छापावं लागलं, की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत. पुढे ती मुक्त झाली, पण दुसऱ्या संग्रहाला पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. १७८४ मध्ये ती दारिद्र्यात वारली.

प्रकाशन आणि छपाईच्या धंद्यात बायका होत्या का?

होत्या. धंदेवाल्याची विधवा दुकान चालवू शके आणि अनेकींनी ते उत्तम चालवलं. मेरी कूपर यांनी नवरा गेल्यावर लंडनच्या पॅटरनॉस्टर रोमध्ये प्रकाशन चालू ठेवलं. बालगीतांचं सुरुवातीच्या काळातलं एक छोटं पुस्तक (१७४४) त्यांच्याच नावावर आहे. एलिझाबेथ न्यूबेरी यांनी १७८० नंतर दोन दशकं मुलांच्या पुस्तकांचं दुकान सांभाळलं. कादंबरीकार एलायझा हेवूड यांनी १७४० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉव्हेंट गार्डनमध्ये स्वतःच दुकान थाटलं आणि पुढे 'द फीमेल स्पेक्टेटर' (१७४४–४६) हे बायकांसाठी बाईने चालवलेलं नियतकालिक काढलं.

दुकानात बाई असली म्हणजे मुखपृष्ठावर बाईला न्याय मिळे असं मात्र समजू नका. मेरी जेन गॉडविन यांच्या बालपुस्तकांच्या दुकानातून १८०७ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी निघाल्या. वीसपैकी चौदा गोष्टी मेरी लॅमने लिहिलेल्या; नाव छापलं फक्त तिच्या भावाचं, चार्ल्सचं.

ही पुस्तकं विकत कोण घेई?

फार थोडे. १८ शिलिंगांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' शेतमजुराच्या आठवडाभराच्या मजुरीपेक्षा महाग. कागद महाग होता आणि त्यावर करही होता. म्हणून लोक वर्गणीच्या वाचनालयांतून पुस्तकं नेत. कादंबरी तीन भागांत असली की एकाच वेळी तीन वाचकांकडे फिरे, त्यामुळे वाचनालयवाल्यांना तो आकार सोयीचा. लीडनहॉल स्ट्रीटवरच्या विल्यम लेन यांनी 'मिनर्व्हा प्रेस'मधून अशा कादंबऱ्यांचा रतीबच घातला आणि त्यांच्या लेखनात बायकांचा मोठा वाटा होता. टीकाकार नाक मुरडत. वाचनालयात मात्र प्रत जागेवर नसे.

समीक्षक बायकांना कसं वागवत?

पाठ थोपटून किंवा पाठीत घालून. मधली वाट कमी. मेरी वुलस्टनक्राफ्टच्या 'स्त्रियांच्या हक्कांचं समर्थन' (१७९२) या पुस्तकाचं सुरुवातीला बऱ्यापैकी स्वागत झालं. तिचे प्रकाशक जोसेफ जॉन्सन यांनी तिला भाषांतरं आणि परीक्षणं देऊन लेखणीवर जगता येईल अशी सोय केली होती, हे या काळातलं एक दुर्मीळ चांगलं उदाहरण. घात झाला तो नवऱ्याच्या हातून, तोही प्रेमापोटी. तिच्या मृत्यूनंतर विल्यम गॉडविनने १७९८ मध्ये तिचं चरित्र लिहिलं आणि लग्नाआधीचं प्रेमप्रकरण, विवाहबाह्य मुलगी, सगळं प्रामाणिकपणे मांडलं. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. त्याच वर्षी रिचर्ड पॉलव्हेलने लिहित्या बायकांची बदनामी करणारं दीर्घकाव्य छापलं.

ॲना लेटिशिया बार्बोल्ड यांनी १८१२ मध्ये युद्धखोर ब्रिटनच्या ऱ्हासाचं भाकीत करणारी कविता काढली. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त जॉन विल्सन क्रोकरने तिचे असे वाभाडे काढले, की बाईंनी राजकारणात लुडबुड न करता विणकामच करावं असा एकूण सूर. त्यानंतर त्यांनी मोठं पुस्तक छापलं नाही.

करकरणाऱ्या दाराची गोष्ट खरी का?

दार करकरलं की ऑस्टिन कागद झाकून ठेवी, ही गोष्ट तिच्या भाच्याने तिच्या मृत्यूनंतर अर्धं शतक उलटल्यावर लिहिली. दार असेलही. पण तिच्या स्वतःच्या पत्रांत लाजऱ्या आत्याबाईंपेक्षा आवृत्ती खपली का, छापखाना उशीर का करतो, हे विचारणारी बाई जास्त भेटते.

मुंबई, महाराष्ट्र, गोवा यांच्याशी काही संबंध?

दोन आहेत, दोन्ही मजेशीर. मारिया ग्रॅहम १८०९ मध्ये वडिलांबरोबर मुंबईला आली. सर जेम्स मॅकिंटॉश यांच्याकडे तिचा पाहुणचार झाला. घारापुरी आणि कार्ल्याची लेणी पाहिली, चित्रं काढली. तिची भारतातल्या वास्तव्याची रोजनिशी १८१२ मध्ये एडिंबरोहून प्रसिद्ध झाली. इंग्रजी अहंकार त्यात आहे, पण डोळे उघडे ठेवून पाहिलेली मुंबईही आहे.

दुसरी सिडनी ओवेन्सन, आयरिश. तिच्या 'द मिशनरी' (१८११) या कादंबरीत पोर्तुगीज फ्रान्सिस्कन साधू गोव्याला येतो, काश्मिरात लक्सिमा नावाच्या पुजारिणीच्या प्रेमात पडतो आणि गोष्ट गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, चितेपाशी कळसाला पोचते. बाईंनी भारतात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कवी शेलीला मात्र या पुस्तकाने वेड लावलं.

आज वाचायला कुठून सुरुवात करावी?

ऑस्टिन वाचली असेल तर 'एव्हलिना' घ्या. पत्रांतून सांगितलेली, खुसखुशीत. लहान पुस्तक हवं असेल तर एजवर्थ यांचं 'कॅसल रॅकरेंट' (१८००): जमीनदार घराण्याची चार पिढ्यांची धूळधाण, सांगणारा घरचा म्हातारा कारभारी. वाडे आणि सावकार माहीत असलेल्या मराठी वाचकाला ते परकं वाटणार नाही. रॅडक्लिफ सुट्टीसाठी राखून ठेवा, फार लांबण लावते. कॉपीराइट केव्हाच संपल्यामुळे ही पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. आणि इंग्लंडला जाणं झालंच तर हॅम्पशरमधल्या चॉटन गावात ऑस्टिनच्या घराचं संग्रहालय आहे, आणि तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर तिच्या भावाचा मोठा वाडा, चॉटन हाउस. या जुन्या लेखिकांच्या पुस्तकांचा मोठा संग्रह त्या वाड्यात आहे.